दीडशे मार्कांचा हिशेब : नागपूर शहर पोलीस भरतीतून जाताना

पोलीस शिपाई भरती एकूण १५० मार्कांची असते. ५० मैदानाचे, १०० लेखीचे. रेशीमबाग मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. तरी तिथल्या गप्पांत एकच विषय चालतो, तो म्हणजे टायमिंग. पोरांचं सोळाशे मीटरचं, पोरींचं आठशे मीटरचं. कोणाचे बूट कोणते, कोण काय खातं, कोणाचे दोन सेकंद कमी झाले. त्या धावण्याचे मार्क वीस. उरलेल्या १३० मार्कांबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मी २०२४ च्या भरतीतून नागपूर शहर पोलीस दलात शिपाई म्हणून लागले. वस्तीतल्या आणि अभ्यासिकेतल्या मुली अजून विचारत असतात. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. माझं म्हणणं एवढंच की धावतात सगळेच, हिशेब फार थोडे करतात, आणि यादीत नाव हिशेबानं येतं.

घरची गोष्ट दोन ओळींत आटोपते. आम्ही नंदनवनकडचे, बाबा ऑटो चालवतात. बारावीवर होणारी आणि पदवीची वाट न पाहणारी सरकारी नोकरी म्हणून मी पोलिसाकडे वळले. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. आवड वगैरे नंतर आली, खोटं कशाला सांगू.

पहिला हिशेब मैदानावर पाय ठेवायच्या आधीच करावा लागतो, फॉर्म भरताना. त्या वर्षी राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले. ५ मार्चला फॉर्म सुरू झाले, मुदत वाढत वाढत १५ एप्रिलवर गेली. फी खुल्या प्रवर्गाला ४५०, मागास प्रवर्गाला ३५०. आता खरी मेख अशी की एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. शिपाई पदासाठी नागपूर शहर भरलं की पुणे नाही, मुंबई नाही, शेजारचं नागपूर ग्रामीणसुद्धा नाही. चालक, कारागृह शिपाई, बॅण्डस्मन ही पदं वेगळी, त्यांचे अर्ज वेगळे. 'चार जिल्ह्यांत टाकून ठेवू, कुठे तरी लागेल' असं करणाऱ्यांना नंतर हमीपत्र देऊन एकच घटक निवडावा लागला.

बाहेरच्यांना नागपूर म्हणजे एक नागपूर वाटतं. भरतीच्या कागदावर तसं नाही. शहर पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे, रेल्वेचं लोहमार्ग पोलीस दल वेगळं, हिंगणा रोडचा राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ४ वेगळा, मध्यवर्ती कारागृह वेगळं. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, मैदान वेगळं, पेपर वेगळा. आणि ज्या घटकात लागलात त्याच घटकात सहसा आयुष्याची नोकरी जाते. शहर घेतलं तर सीताबर्डी, लकडगंज, पाचपावली, गिट्टीखदान. ग्रामीण घेतलं तर काटोल, रामटेक, उमरेड, सावनेर. ही निवड मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून करतात, याचं मला नवल वाटतं.

आमच्या घरी दादाचा जोर मुंबईवर होता. जागा जास्त, मेरिट (निवड जिथे थांबते तो मार्कांचा आकडा) खाली लागते, असं तो कुठून तरी ऐकून आला होता. बाबांनी एकच विचारलं, "तिथं राहणार कुठं? पगार सारा खोलीतच जाईल का नाही?" मुंबई तिथंच संपली. गडचिरोलीचा विचार करायचं कारण नव्हतं, तिथल्या जागा त्या जिल्ह्याच्या रहिवाशांसाठी असतात. राहिलं शहर की ग्रामीण.

जाहिरातीच्या शेवटी एक मोठा तक्ता असतो. आडव्या ओळींत प्रवर्ग, उभ्या रकान्यांत सर्वसाधारण, महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, अंशकालीन पदवीधर, पोलीस पाल्य, गृहरक्षक दल. अर्ध्या लोकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. त्या भरतीत एकूण जागा किती हे तुमच्या कामाचं नाही. तुमच्या ओळीत आणि तुमच्या रकान्यात आकडा किती, तो तुमचा. महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५ टक्के, गृहरक्षक दलातल्यांना ५ टक्के, पण गृहरक्षकाला तीन वर्षांची सेवा लागते. मी दोन्ही जाहिराती काढून 'इमाव, महिला', म्हणजे इतर मागासवर्गातल्या महिला, या चौकटीवर बोट ठेवलं आणि शहर भरलं. शहराकडे गर्दी जास्त होणार हे दिसत होतं, पण चौकटीतला आकडाही मोठा होता.

आता मैदान. मुलींना आठशे मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. पूर्ण मार्क हवे तर आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, शंभर मीटर १४ सेकंदांत आणि चार किलोचा गोळा ६ मीटर. मुलांना सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर. त्याखाली टप्प्याटप्प्यानं मार्क घसरतात. निम्मे, म्हणजे २५, नाही आले तर खेळ तिथेच संपला. आणि २५ आले म्हणून पेपरला बसायला मिळतं असंही नाही. प्रवर्गाच्या जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावतात. म्हणून मैदानाची मेरिट २५ च्या खूप वर लागते.

हे तीन प्रकार सारखे नाहीत. शंभर मीटरचा वेग बराचसा आईबापांकडून येतो. सतरा सेकंदांची मुलगी मेहनत करून सोळावर, फार तर पंधरावर येईल, चौदासाठी लहानपणापासून पळायला हवं होतं. आठशे मीटर सुधारतं, पण हळूहळू, दम वाढायला महिने जातात. गोळा मात्र शिकता येतो. शिकवणारा बरा असेल तर एका उन्हाळ्यात तीन-चार मार्कांच्या जागी पंधरा होतात. आणि हाच प्रकार मुली शेवटच्या आठवड्यावर टाकतात, कारण गोळा फेकताना घाम निघत नाही, मेहनत केल्यासारखं वाटत नाही.

मैदानावर एक निवृत्त क्रीडाशिक्षक यायचे. फी वगैरे काही नाही, कट्ट्यावर बसून पाहायचे आणि राहवलं नाही की बोलायचे. माझा गोळा पाहून म्हणाले, "पोरी, फेकून काहून रायली त्याले? दगड आहे का तो? ढकल." मग त्यांनी हातात गोळा न देताच शिकवायला सुरुवात केली. गोळा तळहातावर ठेवायचा नाही, बोटांच्या मुळांशी ठेवायचा. मान आणि जबडा यांच्या मधल्या खोलगटात दाबून धरायचा. कोपर खाली पडू द्यायचं नाही, पडलं की गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा सुटतो आणि खांदा दुखावतो. ताकद हातातून येत नाही, ती मागच्या पायातून उठते, कमरेतून वळते आणि हात शेवटी येतो. "हात म्हणजे पाकीट पोचवणारा पोस्टमन," असं ते म्हणायचे, "पाकिटात काय आहे ते पायानं लिहायचं."

कितीतरी दिवस मी गोळ्याला हातही न लावता नुसती भिंतीसमोर उभी राहून कंबर वळवत होते. मैत्रिणी हसायच्या. मग गोळा घेतला, जागेवरून ढकलला. मग चुन्याच्या वर्तुळात मागून सरकत येऊन ढकलला. सुटताना नजर वर हवी, समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे, नाहीतर गोळा सपाट जातो आणि लवकर पडतो. ढकलल्यावर तोल जाऊन पाय रेघेबाहेर पडला की ती फेक बाद, म्हणून पाय अदलाबदल करून थांबण्याचा सराव वेगळा करावा लागतो. अंतर टेपनं मोजायचं, पावलांनी नाही. पावलांनी मोजलेला गोळा नेहमी लांब जातो. सीताबर्डीवरून गोळा विकत घेताना दुकानात वजन करून घ्या, माझ्या मैत्रिणीचा 'चार किलो'चा गोळा किराणा दुकानातल्या काट्यावर भरला साडेतीन, आणि तिचा सगळा आत्मविश्वास त्या अर्ध्या किलोवर उभा होता.

सहा मीटरची रेघ पहिल्यांदा ओलांडली तेव्हा मी तिथल्या तिथे मनात मांडणी केली. गोळ्याचे १५ खिशात धरले तर शंभर मीटरमध्ये दोन पायऱ्या खाली राहिलं तरी चालतं, आठशेला जीव काढायची गरज नाही, नीट पळालं तरी भागतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात आठशेचा सराव म्हणजे साडेचारला उठणं. साडेसहानंतर मैदान तापायला लागतं. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला मात्र ते खोटं वाटलंच नव्हतं. अधूनमधून मानकापूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅकवर जायचो, पण भरती मातीवर होणार असेल तर सरावही मातीवर हवा. आठशेत सगळ्यांचं बिघडतं ते पहिल्या चकरेत. शिट्टी वाजली की दहा-बारा जणी सुटतात, पुढचीला गाठायच्या नादात पहिले चारशे मीटर फार जोरात जातात आणि शेवटच्या दोनशेला पाय लाकडाचे होतात. दोन्ही चकरा जवळपास सारख्या वेळात मारायची सवय लावणं, एवढाच त्यातला मंत्र.

राज्यभरातली मैदानी चाचणी १९ जूनपासून सुरू झाली. शहराचं मैदान पोलीस लाइन टाकळीच्या मुख्यालयात. मुलींना पहाटे अंधारात बोलावलेलं, बाहेर रस्त्यावर बापांच्या, भावांच्या दुचाक्यांची रांग. काही जणी गावाहून आदल्या दिवशीच येऊन थांबलेल्या. फाटकावर ओळखपत्र, हॉल तिकीट, कागदांची पहिली तपासणी, फोटो, बोटांचे ठसे. मग उंची. मुलींना १५५ सेंटिमीटर, मुलांना १६५ आणि छाती न फुगवता ७९, फुगवून ५ वाढायला हवी. अंबाडा वर बांधलेल्या मुलींना केस सोडायला लावले. दोघी-तिघी उंचीवरून तिथेच परत गेल्या. त्यातली एक रडत म्हणत होती की अकॅडमीत मोजली तेव्हा भरली होती. उंची सरकारी दवाखान्यात किंवा नीट पट्टीवर आधीच मोजून घ्या, आणि मोजमापावर शंका असेल तर मैदान सोडायच्या आधी तिथल्या अधिकाऱ्याकडे अपील करा. घरी जाऊन केलेल्या तक्रारीला अर्थ नसतो.

धावताना अंगावर चिप असते, वेळ यंत्र घेतं, सगळीकडे कॅमेरे. साहेबाच्या हातातल्या घड्याळाबद्दल आम्ही जुन्या भरत्यांचे किस्से ऐकले होते, त्यातलं काही दिसलं नाही. जागोजागी फलक होते की कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाला १०६४ वर कळवा. तरी बाहेर चहाच्या टपरीवर "आपली ओळख आहे" म्हणणारा एक जण होताच. असल्या माणसाची ओळख कोणाशीच नसते. ज्यांचं स्वतःच्या मेहनतीनं होतं त्यांच्याकडून हे लोक नंतर श्रेय घेतात, ज्यांचं होत नाही त्यांचे पैसे बुडवतात.

माझं आठशे ठरवलं तसं गेलं, शंभर मीटर बेताचं, गोळा रेघेच्या पुढे पडला. मार्क तिथेच दाखवून सही घेतात, तेव्हा आकडा बघूनच सही करा. बेरीज चाळीसच्या वर होती. माझ्या गटात माझ्यापेक्षा जोरात पळालेल्या दोघींची बेरीज माझ्याखाली होती. दोघींचा गोळा साडेचारच्या आत पडला होता.

यानंतर पेपर, आणि खरी भरती इथे होते. मैदानात पहिली आणि शेवटची यांच्यात फार तर दहा-पंधरा मार्कांचा फरक असतो, कारण दहापटीच्या चाळणीनं कमी मार्कांचे आधीच गळालेले असतात. पेपरमध्ये तीस-चाळीसचा फरक पडतो. शंभर प्रश्न, ९० मिनिटं, अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी. किमान ४० टक्के हवेत, आणि उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत. म्हणजे एकही गोल रिकामा सोडणं हा गुन्हाच.

मी अंकगणितापासून सुरुवात केली कारण तिथे वाद नसतो. शेकडेवारी, सरळव्याज, काळ-काम-वेग, नळ-टाकी, वयवारी. रोज घड्याळ लावून पंचवीस प्रश्न. व्याकरणात समास आणि प्रयोग पक्के केले, म्हणी आणि वाक्प्रचार जाता-येता. घटकाचा पेपर घटकच काढतो, म्हणून नागपूर शहर आणि ग्रामीणचे जुने पेपर मिळतील तितके सोडवले आणि विदर्भ वेगळा काढून वाचला. १९५३ चा नागपूर करार, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी, वैनगंगेवरचं गोसीखुर्द, पेंच, लोणार. अभ्यासिकेत कूलरसमोरची खुर्ची मिळावी म्हणून मैदानावरून थेट तिकडे, पाठीवर ओला टी-शर्ट आणि डब्यात तर्री नसलेले पोहे. ग्रुपवर दिवसाला दोनशे पीडीएफ येतात, त्या उघडूच नका. एक पुस्तक चार वेळा वाचलेलं बरं.

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत हातात मिळते. उत्तरतालिका आली की घरी बसून मार्क मोजता येतात, आणि नागपुरात त्या दिवशी सगळ्या अभ्यासिका ओस असतात, सगळे चहाच्या टपरीवर एकमेकांचे मार्क विचारत असतात. तालिकेतल्या उत्तरावर आक्षेप असेल तर पुराव्यासह मुदतीत द्यावा लागतो. एका प्रश्नानं खालचे वर होतात. समान मार्क आले तर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पाल्यांना अग्रक्रम असतो. यवतमाळकडची एक मुलगी आमच्या अभ्यासिकेत होती, तिच्या फाइलमध्ये तो दाखला होता. तो काढायला तहसीलमध्ये तिच्या आईनं किती खेपा घातल्या ते ती शांतपणे सांगायची. ऐकणाऱ्याला काय बोलावं सुचायचं नाही.

तात्पुरती निवड यादी लागली की कागद. इथे अर्ध्या क्षणात होणारं काम अर्धा महिना खातं. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. नॉन-क्रिमीलेयर कोणत्या तारखांच्या मधलं हवं हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, नंतरच्या तारखेचं चालत नाही. नावात 'बाई' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, बापाच्या नावात एक वेलांटी वेगळी, असल्या गोष्टी फॉर्म भरायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका. एका खासगी अकॅडमीनं उरलेल्या फीसाठी माझ्या मैत्रिणीची बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली होती, ती सोडवायला तिला कर्ज काढावं लागलं.

वैद्यकीय तपासणी सरकारी रुग्णालयात. नजर, रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे. चष्मा असलेल्यांनी हे आधीच दाखवून घ्यावं, शेवटी कळून उपयोग नाही. मग चारित्र्य पडताळणी. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्मात, कुठलाही गुन्हा, अगदी मिटलेलं भांडणसुद्धा, लपवायचं नाही. गुन्ह्यापेक्षा तो लपवल्यामुळे नेमणूक जाते. आमच्या ठाण्यातून एक जमादार घरी चौकशीला आले तेव्हा बाबा आधी घाबरले, त्यांना वाटलं ऑटोचं काही प्रकरण आहे.

मुख्यालयात हजर झालो आणि मग प्रशिक्षण. अकोला, जालना, खंडाळा, मरोळ, कोणतं केंद्र येईल ते आपल्या हातात नसतं. तिथे पहाटे पीटी, कवायत, शस्त्र, दुपारी कायदा. गोळाफेकीचं कोणी नाव काढत नाही. आमच्या बॅचची गंमत अशी की तयारी करताना आम्ही जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं पाठ केली होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. वर्गात उत्तर देताना तोंडात जुनाच आकडा यायचा. सुट्टीत घरी आले तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता कोणाले चारसोबीस म्हणायचं नाही का?" म्हटलं, म्हणा तुम्ही, गुन्हा मात्र ३१८ नं दाखल होईल.